पाळणाघरातून पत्र

उत्तर समुद्र, परतीच्या वाटेवर

प्रिय अव्या,

हसायचं असेल तर आत्ताच हसून घे. हे पत्र मी पाळणाघरातून लिहितोय. हो, तेच. २००९ साली नॉर्वेत स्कागेफ्लोच्या कड्यावर पाय खाली सोडून आपण बसलो होतो, खालून ते पांढरं अवाढव्य जहाज गेलं. डेकवर ओळीने आरामखुर्च्या, खुर्च्यांत गुडघ्यांवर पांघरुणं घेतलेली माणसं. तू म्हणालास, "बघ, म्हाताऱ्यांचं पाळणाघर चाललंय." त्यावर आपण पुढची कित्येक वर्षं हसत होतो. तर आज माझ्याही गुडघ्यांवर पांघरूण आहे. निळं, चौकड्यांचं. अक्षर वाकडं दिसलं तर दोष लाटांचा, माझा नाही.

झालं असं की आईला ७५ वर्षं पूर्ण झाली. काय हवं म्हणून ताईने विचारलं, तर आई म्हणाली, "हा ज्या डोंगरांचे फोटो आणून दाखवतो ना, ते मला बघायचेत. पण चढायला सांगू नका." ताईने साउदॅम्प्टनहून निघून तिथेच परत येणारी सात रात्रींची क्रूझ ठरवली, आणि ऐनवेळी तिची स्वतःची रजाच नामंजूर झाली. सोबत म्हणून माझी वर्णी लागली.

मी पहिले दोन दिवस अगदी असह्य वागलो. लिफ्टला हात लावायचा नाही अशी शपथ घेतली, डेकवर पहाटे फेऱ्या मारल्या आणि त्या मोजल्याही. आरामखुर्चीकडे तर मी तुरुंगाच्या दाराकडे बघावं तसं बघत होतो. सुटण्याआधी सगळ्यांना आपापल्या जमण्याच्या जागी जाऊन हजेरी द्यावी लागते, लाईफ जॅकेट कसं घालायचं ते बघावं लागतं. मी ते बघत कंटाळलेला चेहरा करून उभा होतो. शेजारच्या गृहस्थांनी हळूच सांगितलं की पूर्वी ही कवायत निघाल्यावर चोवीस तासांत केली तरी चालायची. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हायचीच होती. तेव्हापासून नियम बदलला. मी गपचूप पट्टे नीट आवळले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला बोट लागली. मला! नेपाळात थोरोंग ला खिंडीत, ५,४१६ मीटरवर, तुम्ही सगळे डोकं धरून बसला होतात आणि मी फोटो काढत होतो, तो मी. आई ढिम्म. पत्ते मांडून बसली होती. त्यात चूक माझीच. केबिन निवडताना मी हट्टाने अगदी पुढची आणि वरची घेतली होती, 'नजारा' म्हणून. खोली आवरणाऱ्या मुलाने मला आल्याचा तुकडा दिला आणि समजावलं: जहाज म्हणजे सी-सॉ, टोकाला बसणारा सगळ्यात जास्त वरखाली होतो. मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्यावी केबिन. मी विचारलं, जहाजाला ते पाण्याखालचे पंख असतात ना, स्थिर ठेवणारे? असतात म्हणाला, पण ते बाजूला कलणं आवरतात. पुढून-मागून उसळणं त्यांच्या हातात नाही. पुढे ती रात्र मी मधल्या जिन्याच्या पायरीवर बसून काढली.

एक गोष्ट मात्र त्या जागरणाने दिली. पहाटे किनाऱ्याजवळ एक पिटुकली बोट आमच्या बाजूला येऊन चिकटली. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या थोडं वर, एक दार उघडलं, दोरीची शिडी खाली आली. कोणीच थांबलं नव्हतं, ना बोट ना जहाज. बोटीतला माणूस कठड्याला धरून लाटेचा अंदाज घेत राहिला, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, तिसरीने बोट वर उचलली तसा तो शिडीवर होता. पाच-सहा पायऱ्या, आत. पायलट. स्थानिक पाण्याचा वाटाड्या, कप्तानाला खाचाखोचा सांगायला येणारा. रोज सकाळी हे करतो आणि मग बहुतेक कॉफी पितो. आपण एका खडकाला दोर बांधण्याच्या गोष्टी वर्षभर सांगतो.

आता फ्लोमचं सांगतो, आणि हे ताईला कळता कामा नये.

फ्लोम सोग्नेफ्योर्डच्या एका फाट्याच्या टोकाला आहे. हा फियॉर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेली समुद्राची चिंचोळी खाडी, समुद्रापासून आत २०० किलोमीटरहून लांब जातो आणि सगळ्यात खोल जागी १,३०० मीटर खोल आहे. म्हणजे डोंगरांच्या कुशीतल्या त्या गावात उभं राहून बोट बुडवलं तरी पाणी खारं. तिथून १९४० साली सुरू झालेली रेल्वे २० किलोमीटरमध्ये ८६६ मीटरवर म्युर्दालला चढते. आई त्या गाडीने वर जाऊन त्याच गाडीने खाली आली, धबधब्याशी उतरून भिजलीसुद्धा. मी अर्थातच वर सायकल घेतली. खाली उतरताना सुरुवातीलाच २१ वळणं, सैल खडी, बाजूला कोसळतं पाणी. स्वर्ग! आणि मग, गाव सहा-सात किलोमीटर राहिलं असताना, मागचं चाक बसलं.

जहाज चार वाजता सुटणार म्हणजे साडेतीनला चढायचं. राहिलास तर जहाज थांबत नाही. पुढचं बंदर आपल्या खर्चाने गाठायचं. मी सायकल खांद्यावर टाकून पळालो. मागे पांढरी गाडी दिसली की हात करायचा, ती गेली की पुन्हा पळायचं. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने उचललं. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा जहाजावर चढायचा पूल काढायला दोन खलाशी उभे होते आणि वरच्या कठड्यांवर तीन मजल्यांची माणसं माझ्यासाठी टाळ्या वाजवत होती. अशा लोकांची वाट बघत उभं राहणं हा इथला सर्वमान्य करमणुकीचा कार्यक्रम आहे म्हणे.

आई केबिनमध्ये होती. पर्स मांडीवर, दोघांचे पासपोर्ट हातात, कोट घातलेला. जहाजातून उतरायची तयारी करून बसली होती बाई. "तू राहिलास तर मी एकटी कशाला पुढे जाऊ," एवढंच म्हणाली. मग कोट काढून घडी घालून ठेवला. अव्या, तू माझ्या आईला ओळखतोस. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. इतकी वर्षं मी कुठल्या तरी डोंगरावर असताना ती अशीच, कोट घालून, बसलेली असणार हे मला तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी मी फेऱ्या मारल्या नाहीत. आईबरोबर डेकवरच्या दोन खुर्च्या धरल्या आणि बसलो. पहिला अर्धा तास फार वाईट गेला. हात कुठे ठेवायचे कळेना. मग जहाज गाइरांगरच्या फियॉर्डमध्ये वळलं, वेग एकदम उतरवला, आणि इंजिनाची घरघर इतकी दबली की कड्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकू यायला लागला. सात बहिणी, म्हणजे सात धारांचा तो धबधबा, आधी ऐकू आल्या, मग दिसल्या. या वर्षीचं बर्फ चांगलं वितळत असावं, साती जणी हजर होत्या. समोरच्या काठावर तो 'प्रियकर' धबधबा, सातींनीही नाकारल्यावर बाटलीला लागलेला. आईला ही दंतकथा सांगितली तर म्हणाली, "सातींनाही विचारलं होतं? मग बरोबरच केलं त्यांनी."

आणि मग स्कागेफ्लो. पाण्यापासून अडीचशे मीटर वर, भिंतीला चिकटवल्यासारखी ती घरं. कर गोळा करणारा आला की शेतकरी शिडी वर ओढून घ्यायचे ती गोष्ट तुला फार आवडली होती. आपण ती वाट चढलो तेव्हा मला काय दिसलं होतं, माहीत आहे? तुझे बूट. ओले दगड. पुढचा हात कुठे. संपूर्ण कडा, त्यावरून वर जाणारी ती बारीक वाट, वरचं हिरवं, त्याहून वरचं बर्फ, असं एका नजरेत मला ते पहिल्यांदाच दिसलं, तेही खुर्चीतून. आईने विचारलं, "तू तिथे चढला होतास?" आणि मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

सगळंच गोड आहे असं समजू नकोस. लाउडस्पीकर सतत काहीतरी विकत असतो. जेवायच्या हॉलमध्ये ताटं घेऊन माणसं जशी धावतात तशी फ्लोममध्ये मीही धावलो नव्हतो. आणि गाइरांगर म्हणजे दोन-अडीचशे वस्तीचं गाव. त्यात आमच्यासारखे तीन हजार सकाळी उतरतात, ते बघून मला आमचीच लाज वाटली. जागतिक वारसा यादीतल्या त्या फियॉर्डांत मोठ्या जहाजांना २०३२ पासून प्रदूषणमुक्त असण्याची अट नॉर्वेने घातली आहे. तेव्हा हे पाळणाघर तिथे जाईल की नाही कोण जाणे. घातली ते उत्तम केलं.

हां, एक राहिलंच. स्कागेफ्लोच्या त्या कड्यावर दोन ठिपके होते. एक लाल, एक पिवळा. पाय खाली सोडून बसलेले असावेत. ते काय म्हणत असणार हे मला शब्दन् शब्द माहीत होतं. मी पांघरुणातून हात काढून जोरजोरात हलवला. त्यांनी हात केला की नाही मला दिसलं नाही. आई म्हणते, लाल वाल्याने केला. तिची दूरची नजर अजून शाबूत आहे, त्यामुळे मी वाद घातला नाही.

परत आल्यावर फोन करतो. आई पत्त्यांचा डाव मांडून थांबली आहे आणि काल तिने मला तीनदा हरवलंय.

तुझा,
मध्या