डब्यावर तापमान लिहा: कास्टिंग रेझिनबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ५ किलो कास्टिंग रेझिन व हार्डनर सदोष सूचनांसह विकल्याबद्दल

महोदय,

मी नागपूरला हाताने शाईची पेनं घडवतो. पेनाचे दांडे ओतण्यासाठी मी ८ मे २०२४ रोजी आपल्याकडून रेझिनचा, म्हणजे हार्डनर हे रसायन मिसळलं की घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकचा, डबा घेतला. बाजारात याला सगळे ॲक्रिलिकच म्हणतात. आपल्या डब्यावर पॉलिएस्टर असं बारीक अक्षरात का होईना, छापलेलं आहे. माझी तक्रार त्याखालच्या ओळीबद्दल आहे : ‘१०० ग्रॅम रेझिनला २ ग्रॅम हार्डनर, हाताळणीचा वेळ २० मिनिटे.’ हे किती तापमानाला, ते कुठेही लिहिलेलं नाही.

माझं वर्कशॉप पत्र्याच्या शेडमध्ये आहे. मे महिन्यात दुपारी आत ४२ अंश असतात आणि ओतकाम चालू असताना कूलर बंद ठेवावा लागतो, कारण दमट हवा रेझिनला चालत नाही. आपल्या मापाने ४५० ग्रॅमचा घाणा कालवला, त्यात मोरपंखी रंग फिरवला. आठ साचे भरायचे होते. पाचवा भरेपर्यंत, सहाव्या मिनिटाला, कपातलं रेझिन जेलीसारखं बसलं. पाचांपैकी दोन दांड्यांना दुसऱ्या दिवशी आतून तडे दिसले.

आपल्या हेल्पलाइनवर फोन केला. उत्तर मिळालं, “हार्डनर कमी पडतोय, अडीच टक्के घाला.” मी घातला. तीन मिनिटांत कप मऊ पडून वाकला, धूर निघाला आणि उग्र वासाने डोळे चुरचुरायला लागले. माझा पुतण्या शेजारीच उभा होता. आम्ही दोघं बाहेर पळालो. हे रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं, तापमान दहा अंशांनी वाढलं की ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते, आणि एका कपात माल जितका जास्त तितकी ती उष्णता आतच कोंडते. हे आपल्या माणसाला माहीत असायला हवं होतं. त्याने आधी तापमान विचारायला हवं होतं.

उरलेल्या तीन दांड्यांतला सर्वांत देखणा मी लेथवर लावला. ३१ मे रोजी निवृत्त होणाऱ्या एका मुख्याध्यापिकाबाईंसाठी शाळेतल्या शिक्षकांनी वर्गणी काढून ते पेन सांगितलं होतं. बॅरल उतरली, निब बसवून पाहिली, आणि टोपणाचे आटे पाडताना केसासारखी चीर गेली. निरोप समारंभाला मी त्यांना जुन्या काळ्या एबोनाइटचं (कडक रबराचं) पेन दिलं. बाई छान म्हणाल्या, पण शिक्षकांनी रंग मोरपंखी निवडला होता.

नंतर मी त्याच डब्यातलं रेझिन १ टक्का हार्डनर घालून तपासलं. पहाटे साडेपाचला, २९ अंशांना, ते २६ मिनिटांनी बसलं. दुपारी ४२ अंशांना ११ मिनिटांनी. पहाटेचे चारही दांडे निर्दोष निघाले. म्हणजे माल वाईट नाही, आणि म्हणूनच मला जास्त वाईट वाटतं. एका ओळीच्या सूचनेअभावी माझे पाच दांडे, पाच दिवस आणि शब्द गेला.

आणखी एक गोष्ट. डब्यावर उत्पादनाचा महिना व वर्ष नाही. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार ते छापणं बंधनकारक आहे. पॉलिएस्टर रेझिन उन्हात ठेवलं तर बंद डब्यातही घट्ट होत जातं, त्यामुळे विदर्भातल्या ग्राहकाला ती तारीख फार गरजेची आहे.

माझ्या मागण्या : डब्याचे २,३५० रुपये परत करावेत, लेबलवर २५, ३५ आणि ४२ अंशांसाठी हार्डनरचं माप व वेळ वेगवेगळे छापावेत, हेल्पलाइनवरच्या माणसांना लेखी सूचना द्याव्यात की उन्हाळ्यात ‘हार्डनर वाढवा’ असं कोणालाही सांगू नये. ही तिसरी मागणी मला पैशांपेक्षा महत्त्वाची आहे.

बिल, डब्याचे व तडकलेल्या दांड्यांचे फोटो आणि माझ्या नोंदवहीची पानं सोबत जोडली आहेत. लेबलसाठी त्या नोंदी वापरायच्या असतील तर खुशाल वापरा. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. तडकलेले दांडे मी जपून ठेवले आहेत. आपला माणूस पाहायला आला तर दुपारी दोन वाजता यावा.

आपला ग्राहक,
एक पेन कारागीर, नागपूर
१० जून २०२४