मंगल, आधी स्वतःच्या नावाचा केसपेपर काढ

अंबाजोगाई,
१६ मे

प्रिय मंगल,

फोनवर तुला काही सांगायला गेलं की तू "हो गं, हो" म्हणतेस आणि लगेच लेकराच्या अभ्यासावर विषय नेतेस. म्हणून या वेळी कागद घेतला. कागदाला मधेच तोडता येत नाही.

आधी त्या रात्री वॉर्डात पेशंटची वापरलेली सुई तुला टोचली, त्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून दिलेल्या गोळ्यांचं. चालू आहेत ना? रोज एक, ठरल्या वेळी, पूर्ण २८ दिवस. मळमळतं, झोप उडते म्हणून अर्ध्यात सोडून देणाऱ्या सिस्टर मी बघितल्यात. तू तसलं करू नको. उपाशीपोटी मळमळत असेल तर भाकरीचा तुकडा खाऊन घे. आणि एक तिथं तुला कुणी सांगितलं नसेल. तू कॅल्शियमची गोळी घेतेस, मधूनमधून लोहाचीही. त्या या गोळीबरोबर घ्यायच्या नाहीत, औषध पोटात नीट शोषलं जात नाही. ही गोळी आधी घे आणि त्या निदान दोन तासांनी. त्या आधी घेतल्या असतील तर मात्र हिला सहा तास थांब. ॲसिडिटीच्या पातळ औषधाचंही तसंच. तपासण्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहून ठेव: सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने. पहिली निगेटिव्ह आली की पुढच्या दोन्ही विसरायची आपल्या लोकांची रीत आहे.

एचआयव्हीचं इतकं मनाला लावून घेऊ नको. टोचलेल्या सुईवर त्या पेशंटचं रक्त असलं आणि त्याला लागण असली, तरी धोका हजारात तीनच्या आसपास. मला खरी काळजी कावीळ बी ची, म्हणजे हिपॅटायटिस बी ची आहे. लस घेतलेली नसेल तर तिथं शंभरात सहापासून तीसपर्यंत जातो तो आकडा. तू म्हणालीस, "शिकताना घेतली होती की." किती डोस? तिसरा घेतला का? आपल्या बॅचच्या निम्म्या पोरी तिसऱ्या डोसाच्या वेळी सुट्टीत गावाकडं होत्या, हे मला चांगलं आठवतंय. तेव्हा टायटर करून घे, लशीचं संरक्षण रक्तात किती उरलंय ते त्यात कळतं. दहाच्या वर आला तर प्रश्नच मिटला.

त्या रात्री तू बोट पिळलं नाहीस, स्पिरिट ओतलं नाहीस, साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरलंस, हे सगळं बरोबर. नाईटला एवढ्या बेडला एकटी सिस्टर, सुई कापायचं हब कटर वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला, तिथं सुईला परत टोपण घालायला हात आपोआप जातोच. त्याचं मला काही वाटलं नाही. राग आला तो तुमच्या त्या साहेबांच्या वाक्याचा. "पेशंट चांगल्या घरचा आहे, काही होत नाही." घर बघून व्हायरस थांबतो का? पहिला डोस दोन तासांत पोटात गेला तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग नाही, हे एमओला, म्हणजे मेडिकल ऑफिसरला माहीत नसतं असं थोडंच आहे. माहीत असतं. पण टोचली ती सिस्टरला, आणि सिस्टरचा केसपेपर कुठं असतो?

मंगल, सारं घोडं इथंच अडतंय. आपण दिवसभर दुसऱ्यांचे केसपेपर सांभाळतो आणि आपला एकही नसतो. आपला इलाज व्हरांड्यात होतो. "सर, डोकं लई दुखायलंय," "ही घे दोन गोळ्या." पाठ धरली की ट्रेमधलं डायक्लोचं दुखणं थांबवायचं इंजेक्शन, मैत्रिणीनं स्टोअर रूममध्ये उभ्यानं दिलेलं. जळजळलं की पॅन्टॉप. हे आपल्याला सोय वाटतं, लाईनला उभं राहावं लागत नाही म्हणून. पण त्यात कुणी तुला तपासलेलं नसतं, कुठं काही लिहिलेलं नसतं, आणि मागच्या महिन्यात किती डायक्लो झाले हे तुलासुद्धा सांगता येत नाही.

आमच्या इनचार्ज बाईंचं बघ. राऊंड झाला की त्या औषधाच्या ट्रॉलीमागं स्टुलावर बसायच्या, डाव्या हाताला स्वतःच पट्टा गुंडाळायच्या, फुगा दाबायच्या, स्टेथो कानात, मान वाकडी करून पारा बघायच्या. १७० वर १०४. पट्टा सोडून म्हणायच्या, "कालच्यापेक्षा बरं आहे." गोळी घ्यायच्या ती दिराच्या पाकिटातली. हे वर्षानुवर्षं चाललं. शेवटी नव्या एमओ मॅडमनी हाताला धरून खिडकीवर नेलं, केसपेपर काढायला लावला आणि समोरच्या खुर्चीत बसवलं. साखर निघाली, किडनीचं क्रिएटिनीन वाढलेलं निघालं. सुजेसाठी म्हणून ज्या दुखण्याच्या गोळ्या त्या खात होत्या त्या मॅडमनी त्याच दिवशी बंद केल्या. बाई वीस वर्षं पेशंटना "गोळ्या मनानं खाऊ नका" सांगत आल्यात आणि ते खरंच मनापासून सांगतात! आता त्यांचा केसपेपर प्लास्टिकच्या पिशवीत पर्समध्ये असतो. आता तर आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरला आणि तपासण्यांना पैसेही पडत नाहीत. फक्त लाज सोडावी लागते.

परवा १२ मे झाला. परिचारिका दिन म्हणून आम्हाला गुलाब दिले, केक कापला, एका पाहुण्यांनी आम्हाला देवदूत म्हटलं. भाषण चालू होतं तेव्हा मागं स्टाफच्या संडासाला पाणी नव्हतं. देवदूतांना लघवीला जावं लागत नाही असा समज असावा.

हसू नको, हा विषय मी मुद्दामच काढलाय. तू मला मागं म्हणालीस की ड्युटीवर पाणी कमी पितेस, म्हणजे सारखं जावं लागत नाही. आपल्याकडं सगळ्याच हेच करतात. बाहेर ४२-४३ डिग्री, वॉर्डातले पंखे गरम हवा फिरवायलेत, आणि सिस्टर सकाळी आठला निघताना एक घोट घेते ती तीनपर्यंत. मग लघवीला जळजळ, मग नॉरफ्लॉक्स या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या, बरं वाटलं की बंद. कोणते जंतू आहेत ते बघायला लघवीचं कल्चर नाही, गोळ्यांचा पूर्ण कोर्स नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तू लातूरलाच होतीस. तेव्हा घरून दोन बाटल्या भरून नेल्याशिवाय तू वॉर्डात पाय टाकत नव्हतीस. आता टँकर वेळेवर येतो तर बाटली घरी राहते. बाटली ने. दुपारी बारापर्यंत एक संपली पाहिजे असं धर. लघवी गर्द पिवळी दिसली की समज, पाणी कमी पडलं. आणि संडासाचं लेखी दे. आम्ही सगळ्या सह्या करून दिलं. पंधरवड्यात टाकी बसली, कडी अजून नाही.

एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, कधी केलंस? गरोदर बायांचं रोज बघतेस, बोटातून रक्त काढतेस, अकरा, साडेनऊ लिहितेस. आपल्याला बाराच्या वर पाहिजे. तुझ्या जिन्यावरच्या धापेला तू वयाचं नाव देतेस, मला ते पटत नाही. आणि खोकला दोन आठवडे टिकला तर स्वतःचा बेडकाही टीबीच्या तपासणीला पाठव. आपण त्याच हवेत आठ-आठ तास श्वास घेतो.

नाईटचं काय सांगू, तुझ्या घरात पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी झोप लागणं कठीणच. पण रोस्टर करणाऱ्या बाईंना एवढं सांग की नाईट सलग लावा, मग सलग ऑफ द्या. आज नाईट, परवा मॉर्निंग असं मोडून लावलं की शरीराला दिवस-रात्र कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं रात्रपाळीच्या कामाला बहुधा कर्करोग होऊ शकणाऱ्यांच्या गटात घातलंय. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही. स्तनाची तपासणी चाळिशीनंतर टाळू नको म्हणून सांगते. नाईट संपवून स्कूटीवर घरी जायचं मात्र बंद कर. भाऊजींना म्हणावं न्यायला या. नाहीतर वॉर्डातच अर्धा तास पडून निघालीस तरी चालेल.

आता जे तू फोनवर एका वाक्यात सांगून पुढं गेलीस ते. "ती बाई गेली, आणि मला रडूच आलं नाही." बाळंतीण, रक्तस्राव थांबेना, १०८ आली तोवर उशीर. मग नातेवाईक टेबलावर हात आपटत तुझ्याच अंगावर आले, आणि आठ वाजता तू हँडओव्हर देऊन घरी जाऊन डबा भरलास. अगं, रडू येत नाही म्हणजे तू दगड झालीस असं नाही. पण महिना झाला तरी तिचाच चेहरा झोपेत येतोय, लेबर रूमच्या दारात छातीत धडधडतंय, तर ते अंगावर काढायचं दुखणं नाही. १४४१६ ला फोन लाव, मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, टेलिमानस म्हणतात त्याला, मराठीतून बोलतात, पैसे लागत नाहीत. किंवा मानसोपचाराच्या ओपीडीत जा. तिथंही नाव लिहून, केसपेपर काढून. ओळखीच्या डॉक्टरांकडून झोपेची गोळी मागून आणू नको.

आम्ही इथं एक चालू केलंय. वॉर्डात असं काही घडलं की हँडओव्हरनंतर दहा मिनिटं चहा, त्यात वॉर्डाची कामं करणाऱ्या मावशी आणि मामाही. काय झालं ते जो-तो सांगतो, चूक कुणाची हे कुणी विचारायचं नाही. पहिल्यांदा सगळे गप्पच बसले. नंतर मावशीच बोलायला लागल्या, बाळाला आंघोळ घालायला पाणी तापवलं होतं म्हणून.

अंगावर आलेल्या लोकांचीही नोंद कर. दवाखान्यातल्या स्टाफवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा आहे आपल्या राज्याचा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात, आणि खासगी दवाखान्यालाही तो लागू आहे.

पुढच्या रविवारी तुझा ऑफ असेल तर इकडं ये. सकाळी देवीचं दर्शन करू, मग घरी जेवू. सोमवारची रजा टाकून आलीस तर ओपीडीत माझ्याबरोबर लाईनला उभी राहा, माझाही बीपीचा फॉलोअप आहे. मुलांना आण, आंबे आलेत.

तुझी,
शोभा

ता. क. सुई टोचल्याची नोंद तुमच्या दवाखान्याच्या रजिस्टरात झाली का? झाली नसेल तर तारीख, वेळ, कोणती सुई, कोणत्या बेडचा पेशंट, सगळं अर्जात लिही, दोन प्रती कर आणि एकीवर पोच घे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं अशा ठिकाणी स्टाफला हातमोजे, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरची औषधं देणं मालकावर बंधनकारक आहे. साहेब रागावले तर रागावू दे. पोचेचा फोटो मला पाठव, टायटरचाही.