फुंकणं म्हणजे साक्ष देणं नव्हे

महोदय,

मी नागपुरातल्या एका शाळेत 31 वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. संविधान चौकाजवळच्या नाकाबंदीत त्याची कार अडवली होती आणि तो दारू तपासायच्या मशीनमध्ये फुंकायला तयार नव्हता. "मॅडम, तुम्हीच तं शिकवलं होतं, स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही. कलम 20, खंड 3. सांगा नं यांना." जीभ जड झालेली कळत होती. मी पोलिसांशी बोलायला नकार दिला आणि त्याला म्हटलं, "आधी फुंक."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी वर्गात संविधानातलं ते कलम पाठ करून घेतलं होतं, पण न्यायालयांनी त्याचा अर्थ काय लावला, हे कधी सांगितलंच नव्हतं. आता सांगते, कारण "फुंकू नका, तुमचा हक्क आहे" असे मेसेज माझ्याही मोबाइलवर येतात.

काथी कालू ओघड खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायमूर्तींनी सांगितलं की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्षीदार होणं नव्हे. आपल्याला जे ठाऊक आहे ते तोंडाने किंवा लिहून सांगायला लावणं, ही झाली सक्तीची साक्ष. त्याच न्यायालयाच्या 2010 च्या सेल्वी निकालात संमतीविना नार्को चाचणी, म्हणजे औषध देऊन बोलतं करणं, घटनाबाह्य ठरली ती यामुळेच. तिथे माणसाच्या मनातलं बाहेर ओढलं जातं. श्वासात मनातलं काही नसतं. त्यातून फक्त 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू आहे का, एवढंच कळतं. तेवढी असली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 खाली पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. आणि नकार दिल्याने सुटका होत नाही. दारूचा संशय असेल तर त्यावरूनही अटक होऊ शकते, आणि सबळ कारण नसेल तर त्याच कायद्याच्या कलम 205 प्रमाणे तो नकारच कोर्टात विरुद्ध जाऊ शकतो.

माझ्या विद्यार्थ्याला जे हक्क खरोखर होते, त्यांची मात्र त्याला कल्पनाच नव्हती. अटक झाली तर कारण समजलं पाहिजे, वकील मिळाला पाहिजे, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलं पाहिजे. हे संविधानाचं कलम 22. आरोपी झाल्यावर "किती प्यायलास, कोणासोबत" याचं उत्तर न देण्याचा हक्क आहे. तिथे माझं कलम 20 लागू पडतं. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 प्रमाणे अटकेपासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर कोठडीतून सोडावंच लागतं.

या दोन तासांबद्दल मला पोटतिडकीने लिहायचं आहे. माझ्या 2009 च्या दहावीच्या वर्गातला एक मुलगा पहाटे सायकलवर दुधाच्या कॅन लावून निघायचा आणि पहिल्या तासाला ओल्या बाह्यांनी वर्गात यायचा. पुढे दुधाचाच धंदा धरला. एका पहाटे वर्धा रोडवर मागून आलेल्या कारने त्याला उडवलं. तो गेला. चालक झुलत होता असं पाहणारे सांगत होते, पण त्याचं रक्त घेतलं ते दुपारी. तासागणिक दारू उतरत जाते. अहवालात काहीच आलं नाही. त्या मुलाच्या वडिलांनी तो कागद माझ्याकडे वाचायला आणला होता. मला तो त्यांना समजावून सांगता आला नाही.

म्हणून शहर पोलिसांना विनंती आहे. नाकाबंदीत पकडलेल्या प्रत्येकाच्या हातात मराठीत छापलेली एक चिठ्ठी द्या: अडवल्याची वेळ, मशीनचा आकडा, अटक केली असेल तर तिचं कारण, आणि तपासणी किती वाजेपर्यंत व्हायला हवी ते. तिची एक प्रत डॉक्टरांकडेही जाऊ द्या. आरोपीला ती उपयोगी पडेल, आणि त्या दूधवाल्यासारख्याच्या घरच्यांना त्याहून जास्त.

माझ्या विद्यार्थ्याच्या मशीनवर 92 आकडा आला. गुन्हा कबूल करायचा की लढायचं, ते त्याने वकिलाला विचारावं. कारची किल्ली सध्या त्याच्या आईकडे आहे. तशी मीच त्यांना विनंती केली.

— एक निवृत्त शिक्षिका, मनीषनगर, नागपूर