ताडोबा आणि मसाई मारा : निघण्याआधी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

मेमध्ये ताडोबा आणि ऑगस्टमध्ये केनियातलं मसाई मारा, दोन्ही पक्कं झालं, छान! तू विचारलंस फक्त लेन्सचं, आणि त्याचं उत्तर एवढंसं आहे: १००-४०० मिमीची झूम लेन्स दोन्हीकडे चालेल. ताडोबात वाघ कित्येकदा रस्त्यानेच जिप्सीकडे चालत येतो, तेव्हा ६०० मिमीची लेन्स लावून बसलेल्याला नुसते मिशा-डोळे मिळतात. आणि ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. तेव्हा लांबचा फोटो धूसर येणारच, कितीही महाग लेन्स असो.

खरी मेख वेगळीच आहे. जनावर कुठे आहे हे सगळेच सांगतात. ते कुठे निघालंय हे ओळखून आधी तिथे थांबायचं असतं.

ताडोबात त्यासाठी कॉल ऐक, म्हणजे वाघाची चाहूल लागली की इतर जनावरं देतात ती धोक्याची हाक. चितळ आणि वानर बिबट्यालाही ओरडतात, कधी उगाचही. सांबर सहसा उगाच ओरडत नाही. कॉल सरकत चालला तर वाघ चालतोय. त्या दिशेचा पाणवठा किंवा रस्ता कोणता हे गाइडला विचार आणि गाडी तिथे बाजूला लावून इंजिन बंद करायला सांग. इंजिन चालू असलं की थरथर बीनबॅगमधूनही (लेन्स टेकवायची दाणे भरलेली पिशवी) लेन्सपर्यंत पोचते. मधली वाट मात्र मोकळी हवी. पुढून-मागून गाड्या लागल्या की वाघ झुडपात शिरतो, आणि मग सगळे गाइडवर चिडतात. पाण्यात वाघ बऱ्याचदा मागच्या पायांनी, पाठमोरा उतरतो. म्हणजे तोंड आला त्याच काठाकडे. जागा निवडताना हे लक्षात ठेव.

चालत्या वाघाला शटर स्पीड १/८०० सेकंद पुरे, पळणाऱ्याला १/२००० तरी हवा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता) ऑटोवर ठेव, वरची मर्यादा ६४०० ची. अस्वल दिसलं तर एक्स्पोजर उणे १ कर. काळ्या अंगाला कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करून ठेवतो.

मारात विल्डबीस्ट या हरणासारख्या मोठ्या आफ्रिकन जनावराच्या कळपाने नदी ओलांडणं हाच मोठा मोह, आणि घोळही तिथेच होतो. कळप काठावर तासन्‌तास घुटमळतो. त्या वेळी गाड्या कड्यापाशी दाटल्या की पुढची जनावरं बिचकून फिरतात आणि त्यांच्यामागे सगळा कळप. ड्रायव्हरला मागे, झाडीआड थांबायला सांग. रांग पाण्यात लागली की मग पुढे जा. आधी १/१६०० ने घे. पोटभर झाले की १/३० वर कॅमेरा कळपाबरोबर फिरव, दहातला एखादा बरा येईल. चित्ता दिवसा शिकार करतो, त्यामुळे गाड्यांचा त्रास सगळ्यात जास्त त्याला. त्याच्या आणि हरणांच्या मध्ये कधीच शिरू नका.

हत्तीपाशी मात्र इंजिन बंदचा नियम मोड, पटकन निघता यावं म्हणून ते चालूच असू दे. गालावरून स्राव ओघळतोय, लघवी ठिबकतेय, असा नर दिसला तर फोटो राहू दे, मागे फिरा. कान पसरून, डोकं उंच करून धावला तर बहुतेक वेळा धमकावणी असते. कान मागे, सोंड आत वळवलेली असेल तर ती धमकावणी नव्हे.

मारा विषुववृत्ताच्या जवळ, सूर्य झपाट्याने वर येतो. कोवळं ऊन तासाभराचंच, म्हणून सहाला गाडीत बसलेलं बरं. आणि उंचीमुळे पहाटे थंडी असते, स्वेटर ने.

नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असशील तर बहुधा १५ किलोच सामान चालतं, तेही मऊ बॅगेत, कॅमेरा धरून. बीनबॅग रिकामी ने, तिथे तांदूळ भर. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.

कार्ड रोज रात्री दोन ठिकाणी उतरव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश

ता. क. धुळीसाठी आपण कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी घालतो ना, ती केनियात नेऊ नकोस. तिथे २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. उशीचा अभ्रा ने, काम तेच होतं.