बाबा, राग राहू द्या, पण लस घ्या

वास्को,
जून २०२४

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय निघाला की बाबांचा आवाज चढतो, मग माझाही चढतो, आणि आई मध्येच "तिथे पाऊस पडला गो?" म्हणून विचारते. म्हणून यावेळी लिहून पाठवते आहे. बाबा, तुम्ही आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. समोरचं लिखाण पटो न पटो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय तुम्ही शेरा मारत नाही. तेवढंच माझ्याही पत्राला द्या.

डॉक्टरांनी पावसाआधी फ्लूची लस घ्यायला सांगितली आणि तुम्ही "आता या अंगात एकही सुई नको" म्हणून उठून आलात, हे आईने सांगितलं. कारणही सांगितलं. एप्रिलअखेरीस पेपरात आलं की कोविशिल्ड ही ज्या मूळ लशीची भारतात बनलेली आवृत्ती, ती मूळ लस बनवणाऱ्या अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीने ब्रिटनमधल्या न्यायालयात मान्य केलं, लशीमुळे फार क्वचित रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. पुढच्याच आठवड्यात लोकांना दिसलं की लशीच्या प्रमाणपत्रावरचा पंतप्रधानांचा फोटो गेला. सरकारने आचारसंहितेचं कारण दिलं, पण तोवर तुमच्या ग्रुपवर दोन्ही बातम्यांची गाठ मारून झाली होती. "आपल्याला फसवलं," असं तुम्ही म्हणालात, आणि ते एकदाच म्हणून थांबला नाहीत.

बाबा, तुमचा राग खोटा नाही. तो मीही बाळगून आहे आणि तो सोडा असं सांगायला हे पत्र नाही. मार्च २०२० मध्ये किराणा दुकानंसुद्धा बंद ठेवली, घरात तांदूळ आहे की नाही हे कुणी विचारलं नाही. १ जूनला इथली मांगोर हिल ही वस्ती कोविड पसरला म्हणून बंद केली, आणि वास्कोचा माणूस म्हटलं की सगळा गोवा दोन पावलं मागे सरू लागला, जणू आजार आम्ही पिकवला होता. महिना संपायच्या आत गोव्यातला पहिला बळी आपल्या सत्तरी तालुक्यात, मोर्ल्यात गेला, आणि मग लोकांनी मोर्ल्याकडे बोट दाखवलं. माणसांनी एकमेकांना नावं ठेवली आणि ज्यांनी उत्तर द्यायचं ते सुटले. नोव्हेंबरात कसिनो उघडले. एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट डोक्यावर असताना २३ तारखेला इथल्या मुरगाव पालिकेसह पाच पालिकांचं मतदान घेतलं. पुढच्या काही दिवसांत गोव्यात तपासलेल्या दोघांमागे जवळजवळ एक बाधित निघत होता.

आणि मग तो मे महिना. ११ मेच्या पहाटे दोन ते सहा या वेळेत बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, २६ रुग्ण दगावले. आपल्याच तालुक्यातून निवडून आलेले आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी ऑक्सिजन कमी पडतो म्हणून सांगितलं आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. मुख्यमंत्री प्रमोद सावंत त्याच दिवशी म्हणाले की राज्यात ऑक्सिजनची टंचाई नाही, सिलिंडर वॉर्डात वेळेवर पोचत नाहीत. एकाच मंत्रिमंडळातली दोन माणसं. ट्रॉलीवरून सिलिंडर ओढत नेणं, ते बदलताना दाब कमी होणं, हे सगळं न्यायालयात निघालं. पुढेही काही रात्री माणसं जात राहिली. तुम्ही तेव्हा पेपर वाचून घडी घालून ठेवायचात आणि जेवणापर्यंत बोलायचा नाहीत, असं आई सांगायची. त्याच जुलैत केंद्र सरकारने राज्यसभेत सांगितलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याची नोंद राज्यांनी स्वतंत्रपणे कळवलेली नाही. ते वाचून मला झोप लागली नव्हती. नोंदच करायची नाही आणि मग नोंद नाही म्हणून सांगायचं, हे मी विसरणार नाही, बाबा.

पण आता माझं म्हणणं ऐका. ज्या तोंडाने "सगळं ठीक आहे" म्हटलं त्याच तोंडाने "लस घ्या" म्हटलं, म्हणून लसही तसलीच, असा हिशेब तुम्ही मांडला आहे. वाड्यावर बहुतेकांनी तोच मांडला आहे. मला तो चुकलेला वाटतो. सरकारचं वागणं तपासायचं तर विधानसभा, न्यायालय, मतपेटी. लस तपासायची जागा वेगळी आहे, आणि तिथे आपलं सरकार एकटं नव्हतं.

गुठळ्यांचंच घ्या. ही गोष्ट २०२४ मध्ये कोर्टात कबूल केली म्हणून जगाला कळली, असं नाही. ७ एप्रिल २०२१ रोजीच युरोपच्या औषध नियामकाने लशीचा आणि या गुठळ्यांचा संबंध असल्याचं जाहीर केलं. ब्रिटनने, ज्याच्या विद्यापीठात ही लस तयार झाली त्याच ब्रिटनने, आधी तिशीखालच्यांना आणि मग चाळिशीखालच्यांना हिच्याऐवजी वेगळी लस द्यायचं ठरवलं. तिथे हे प्रमाण लाखात एक-दोन असं निघालं, तरुणांत थोडं जास्त, म्हाताऱ्यांत कमी. हा त्रास डोस घेतल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत होतो. तुमचा पहिला डोस २०२१ च्या मार्चमधला. तीन वर्षांनी त्या लशीची गुठळी होईल ही भीती मनातून काढून टाका. तुमच्या पायाला येणारी सूज साखरेच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायची गोष्ट आहे.

आपल्याकडेही हे अगदीच लपवलं नव्हतं, आणि मला जास्त राग याचाच येतो. १७ मे २०२१ रोजी, म्हणजे गोमेकॉतल्या त्या पहाटेनंतर आठवड्याभरातच, केंद्राच्या आरोग्य खात्याने जाहीर केलं की कोविशिल्डनंतर गुठळ्यांच्या २६ शक्य घटना आढळल्या, दहा लाख डोसांमागे ०.६१. धाप, छातीत दुखणं, अंग सुजणं, सतत डोकेदुखी अशी लक्षणं वीस दिवसांत दिसली तर लस घेतली तिथे कळवा, असं लोकांना सांगण्याची सूचनाही आरोग्य कर्मचाऱ्यांना दिली होती. आई, तुला पंचायतीच्या हॉलात कुणी हे सांगितलं? अर्धा तास बसा, ताप आला तर गोळी घ्या, एवढंच. चौकाचौकांत फलक लावायला जागा होती, त्यावर या चार ओळींना नव्हती. लोक घाबरतील म्हणून सांगितलं नसेल. तीन वर्षांनी ग्रुपवरून कळलं तेव्हा लोक दसपट घाबरले. सुरुवातीलाच साध्या मराठी-कोंकणीत सांगितलं असतं तर तुम्ही आज "फसवलं" म्हणाला नसता, असं मला मनापासून वाटतं.

त्याच महिन्यात गोवा सरकारने अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडवर म्हणून आयव्हरमेक्टिन या जंतांवरच्या औषधाच्या गोळ्या द्यायचं जाहीर केलं होतं, आठवतं? जागतिक आरोग्य संघटना नको म्हणत होती. पुढे तो बेत सोडून दिला. तेव्हा तुम्हीच म्हणाला होता, "पुरावा कुठे आहे?" तोच प्रश्न आता लशीलाही विचारा, बाबा, पण उत्तर येईपर्यंत थांबा. तरुण मुलं नाचताना कोसळतात ते लशीमुळे, असा जो व्हिडिओ तुम्ही मला पाठवला, त्याचं उत्तर आलेलं आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने देशातल्या ४७ रुग्णालयांतून १८ ते ४५ वयातल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास केला आणि तो २०२३ मध्ये छापला. लशीमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही, दोन डोस घेतलेल्यांत तो कमी निघाला. वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या वेगळ्याच: कोविडमुळे इस्पितळात राहावं लागलेलं असणं, घरात कुणी अचानक गेलेलं असणं, अति दारू, अंगाला न झेपणारे कष्ट.

सर्वोच्च न्यायालयाचा दाखला तुम्ही मला देता. २ मे २०२२ चा तो निकाल मीही वाचला. कुणावरही लशीची सक्ती करता येणार नाही, हे त्यात आहे आणि ते योग्यच आहे. त्याच निकालात सरकारचं लसीकरणाचं धोरण मनमानी नाही असंही म्हटलं आहे, आणि दुष्परिणामांच्या नोंदी लोकांना दिसतील अशी सोय करा असंही केंद्राला सांगितलं आहे. तुमच्या ग्रुपवर त्यातलं पहिलं वाक्य तेवढं फिरतं.

आणखी एक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अंदाज दिला की भारतात २०२० आणि २०२१ मिळून नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाले, कोविड-मृत्यूंच्या सरकारी आकड्याच्या जवळजवळ दहापट. सरकारने तो नाकारला. तुम्ही मात्र ते कात्रण पंचांगात जपून ठेवलंत. त्याच वर्षी लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी, जास्तीच्या मृत्यूंचाच आधार घेऊन, लसीकरणाच्या पहिल्या वर्षात भारतात सुमारे ४२ लाख मृत्यू टळल्याचा अंदाज मांडला. दोन्ही अंदाजच आहेत. पण एक उचलून धरायचा आणि दुसरा औषध कंपन्यांचा डाव म्हणायचा, हे तुमच्यासारख्या माणसाला शोभत नाही.

आई, आता तुझ्याशी. लोक लस घ्यायला कशामुळे गेले, हे माझ्यापेक्षा तू जास्त पाहिलंस. पंचायतीत टिका उत्सव, म्हणजे लसीकरणाचं शिबिर, लागला तेव्हा पहिल्या दिवशी खुर्च्या रिकाम्या होत्या. काहींना वाटत होतं ताप येऊन माणूस मरतो, काही म्हणत होते आधी दुसऱ्यांना घेऊ द्या. मग उपकेंद्रातली सिस्टर आणि अंगणवाडीची बाई दारोदार फिरल्या. ती सिस्टर म्हणजे जिने वाड्यावरच्या अर्ध्या पोरांना पोलिओचे थेंब पाजले. तिने कुणाला आकडे सांगितले नाहीत. ओसरीवर बसून चहा घेतला, कुणाला दमा आहे, कुणाची साखर वाढते ते विचारलं, आणि "मी घेतली, माझ्या आईला दिली" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तू शेजारणींना घेऊन गेलीस. गोव्याचं लसीकरण अशा बायांनी केलं आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये शंभर टक्के प्रौढांना पहिला डोस दिल्याचा समारंभ झाला, पंतप्रधान दूरचित्रसंवादाने बोलले, आणि विरोधकांनी लगेच विचारलं की ही टक्केवारी कुठल्या लोकसंख्येवर काढली. ती अंदाजे लोकसंख्येवर होती. तो शंभरचा आकडा मिरवला नसता तरी चाललं असतं. आपल्या सिस्टरचं काम त्याशिवायही मोठंच होतं, आणि असले आकडे मिरवले की तिच्यावरही लोक संशय घेतात.

तिचं म्हणणं मोडणारे आपले भाईही होते. एप्रिलभर "बघूया" म्हणत राहिले आणि मेमध्ये गेले. लस घेतली असती तर वाचलेच असते, असं मी कधीच म्हणणार नाही, कुणालाच ते सांगता येणार नाही. पण त्यांना संधी मिळाली असती. भाईंचं नाव निघालं की तुम्ही विषय बदलता, बाबा. मला कळतं ते.

म्हणून पुढच्या डोसांचं जे झालं त्याचं मला वाईट वाटतं. २०२२ च्या जुलैपासून ७५ दिवस वर्धक डोस फुकट होता, तरी लोक फिरकले नाहीत. आजार हलका झाला हे एक कारण. दुसरं, लोकांचा जीव सांगण्या-ऐकण्याला विटला होता. तो वीट आता दुसऱ्या लशींवर निघतो आहे, हे मला भीतीदायक वाटतं. आईच्या दंडावर देवीच्या लशीचा गोल व्रण आहे. ती पोर्तुगीज राजवटीत टोचली की मुक्तीनंतर, तिला आठवतही नाही. पण देवी गेली, कायमची गेली. जगातून ती नाहीशी झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं.

आता फ्लूच्या लशीबद्दल. तिचा कोविशिल्डशी संबंध नाही, ती वेगळ्या पद्धतीने बनते आणि कितीतरी वर्षं वापरात आहे. फ्लूचा विषाणू बदलत राहतो, म्हणून दरवर्षी घ्यावी लागते. ती घेतल्यावर सर्दी-खोकला होणारच नाही असं नाही. पण साठी-पासष्टीच्या पुढे, त्यात मधुमेह आणि दमा, अशा माणसाला फ्लू छातीत उतरला की इस्पितळ गाठावं लागतं, आणि ते टळण्याची शक्यता ती वाढवते. दंड दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा आधीच्या एखाद्या लशीने अंगावर गांधी उठल्या असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

मी शनिवारी येते आहे. डॉक्टरांची सकाळची वेळ घेतली आहे. बाबा, तुम्हाला जे विचारायचं ते कागदावर लिहून ठेवा, गुठळ्यांचंसुद्धा. डॉक्टरांनी नीट उत्तर दिलं नाही तर मी तुमच्या बाजूने भांडेन, आणि तरीही तुमचं मन झालं नाही तर तुम्हाला घेऊन परत येईन, ओढाताण करणार नाही. साखरेची फाइल आणि दम्याचा पंप बरोबर घ्या. आई, तुझीही त्याच दिवशी घेऊ, तू नुसती बाबांना सोबत म्हणून येऊ नकोस.

इकडे सगळे बरे आहेत.

तुमची,
बाय