मेडिकल कोडिंग म्हणजे आकडे शोधून भरणे नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअर पुरवणीत मेडिकल कोडिंगवरचा, म्हणजे रुग्णाच्या नोंदी वाचून निदानाला आणि उपचारांना विम्याच्या बिलासाठी ठरावीक कोड देण्याच्या कामावरचा, लेख वाचला. ग्रामीण भागातल्या विज्ञान पदवीधरांना या क्षेत्राची ओळख करून दिलीत, हे चांगले झाले. पण लेखात कोडिंगचे वर्णन ‘आजाराचे नाव बघून यादीतला कोड टाकण्याचे सोपे काम’ असे आहे, आणि त्याच पानावर दीड महिन्यात नोकरीची हमी देणाऱ्या क्लासची जाहिरात आहे. मी पुण्यात अमेरिकेतल्या रुग्णालयांचे ऑर्थोपेडिक चार्ट, म्हणजे हाडांच्या रुग्णांच्या नोंदी, आणि त्यांना दिलेले कोड तपासण्याचे काम करते. त्या वर्णनामुळे मुलांचे नुकसान होते, आणि ज्यांच्या चार्टवर ती उद्या काम करणार त्या रुग्णांचेही होते. म्हणून हे पत्र.

एकच उदाहरण घेते. मनगटाचा सांधा निखळला आणि डॉक्टरांनी तो ऑपरेशन न करता बसवला. यात काय अवघड, असे कुणालाही वाटेल. पण मनगटात छोटी छोटी आठ हाडे असतात आणि त्यांच्यामागे पुढच्या हाताची (कोपर ते मनगट) दोन हाडे. यातले नेमके काय सरकले, त्यावर कोड ठरतो. मनगटाची हाडे पुढच्या हाताच्या हाडापासून किंवा एकमेकांपासून सरकली आणि ती ओढून जागेवर बसवली, तर २५६६०. पुढच्या हाताच्या दोन हाडांचा मनगटाजवळचा जोड निखळला असेल, तर २५६७५. मधले ल्युनेट हे हाडच बाहेर पडले असेल, तर २५६९०. ल्युनेट जागेवर राहून भोवतालची हाडे सरकली आणि सोबत स्कॅफॉइड हे मनगटातले दुसरे हाड मोडले, तर २५६८०. एक्स-रे वाचणे कोडरचे काम नाही, हे खरे. पण रेडिओलॉजिस्टचा अहवाल आणि डॉक्टरांची नोंद एकमेकींशी जुळते का, हे शरीररचना माहीत नसलेल्याला कसे कळणार?

या चारही कोडमध्ये एक अट आहे, आणि नवी मुले तिथेच अडकतात. डॉक्टरांनी सांधा हाताने ओढून, हलवून बसवला पाहिजे आणि ते नोंदीत लिहिलेले असले पाहिजे. मनगट निखळले आहे, फक्त स्प्लिंट (आधाराची पट्टी) बांधला आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवले, एवढेच चार्टवर असेल, तर यातला एकही कोड लागत नाही. तपासणीचा आणि स्प्लिंटचा वेगळा कोड लागतो आणि त्याची रक्कम बरीच कमी असते. क्लासमध्ये ‘निखळले म्हणजे २५६६०’ असे पाठ करून आलेला मुलगा इथे बिनदिक्कत मोठा कोड टाकतो. विमा कंपनीने तो पकडला तर क्लेम फेटाळला जातो. पकडला नाही, तर न झालेल्या उपचाराचे पैसे कुणीतरी भरतो. अमेरिकेत विमा असला तरी ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो, तेव्हा तो ‘कुणीतरी’ बहुतेकदा रुग्णच असतो.

हे कोड ज्या सीपीटी या उपचारांच्या कोडपद्धतीतले आहेत, ती अमेरिकन मेडिकल असोसिएशन १९६६ पासून चालवते. तिच्यात हाड न कापता केलेले हे उपचारसुद्धा शस्त्रक्रियेच्या विभागातच आहेत. त्यामुळे मेडिकेअरमध्ये, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या अमेरिकी सरकारी विम्यात, शस्त्रक्रियेचे नियम त्यांनाही लागू होतात. वरच्या चारही कोडना ९० दिवसांचा ग्लोबल पीरियड आहे. म्हणजे सांधा बसवणे, पहिले प्लास्टर आणि पुढच्या ९० दिवसांतल्या नेहमीच्या फेरतपासण्या, सगळे एकाच रकमेत. एक्स-रे वेगळा. सांधा बसवायचा निर्णय त्याच दिवशीच्या तपासणीत झाला, तर त्या तपासणीला ५७ क्रमांकाचा मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायचा दोन अंकी खुणेचा आकडा, लागतो. मुले सवयीने २५ लावतात. तो छोट्या प्रक्रियांसाठी आहे, इथे चालत नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे. सांधा बहुतेकदा इमर्जन्सी विभागातले डॉक्टर बसवतात आणि पुढची देखभाल दुसरेच ऑर्थोपेडिक डॉक्टर करतात. पहिल्या डॉक्टरांच्या कोडला ५४ मॉडिफायर लावला नाही, तर त्यांनी न केलेल्या ९० दिवसांच्या देखभालीचेही पैसे त्यांना जातात, आणि दुसरे डॉक्टर आपल्या तपासण्यांचे बिल लावतात ते वेगळेच. मेडिकेअरने १ जानेवारी २०२५ पासून हा नियम आणखी कडक केला आहे. डॉक्टर फक्त प्रक्रियाच करणार असतील, तर देखभाल दुसऱ्याकडे सोपवल्याचा लेखी करार असो वा नसो, ५४ लावावाच लागतो. जुन्या नोट्सच्या झेरॉक्सवर चालणारे क्लास हे शिकवतात का, हे विद्यार्थ्यांनी जरूर विचारावे.

ल्युनेट निखळले तर हाताने बसवणे हा अनेकदा तात्पुरता उपाय असतो. अस्थिबंध फाटलेले असतात, त्यामुळे पुढे ऑपरेशन करावे लागते. तेच डॉक्टर ९० दिवसांच्या आत ठरल्याप्रमाणे ते ऑपरेशन करत असतील, तर ५८ मॉडिफायर लागतो. तो विसरला की ऑपरेशनचा अख्खा क्लेम अडकतो.

निदानाच्या कोडबद्दलही थोडे लिहिते, कारण तिथली चूक मी सर्वांत जास्त पाहते. मनगट निखळल्याच्या निदानासाठी असलेल्या एस६३.० या गटात उजवा की डावा हात, सांधा पूर्ण निखळला की अर्धवट, हे सगळे वेगळे धरले जाते. या कोडचे शेवटचे अक्षर ‘ए’ म्हणजे रुग्णाची पहिली भेट, असे जवळपास प्रत्येक नवा मुलगा सांगतो. ते चुकीचे आहे. ‘ए’ म्हणजे सक्रिय उपचार चालू आहेत. दुसऱ्या डॉक्टरांकडे, दुसऱ्या आठवड्यात सांधा पुन्हा बसवावा लागला, तरी ‘ए’च. जखम भरून येण्याच्या काळातली नेहमीची तपासणी असेल तर ‘डी’.

एवढे सगळे पाठ व्हावे, असे माझे म्हणणे नाही. सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेत चार तासांत १०० प्रश्न असतात आणि कोडची पुस्तके जवळ ठेवायला परवानगी असते. म्हणजे परीक्षा घेणाऱ्यांनाही पाठांतर नको आहे. त्यांना चार्ट वाचता येणारा माणूस हवा आहे. लातूर-नांदेडहून फिजिओथेरपी, बीएचएमएस किंवा बी. फार्म. करून येणाऱ्या मुलांकडे शरीररचनेचा पाया असतोच. तो वापरायला शिकवण्याऐवजी क्लास त्यांना सॉफ्टवेअरमध्ये शब्द टाकून कोड शोधायला लावतात. मग नोकरीत दर तासाला ठरलेले चार्ट आणि साधारण ९५ टक्के अचूकता, हे दोन्ही एकदम अंगावर येते. पहिल्या काही महिन्यांत कामावरून काढलेली हुशार मुले मी पाहिली आहेत. कर्ज काढून फी भरलेली होती त्यांनी. आपण या क्षेत्रासाठी लायकच नाही, असे त्यांना वाटत होते. त्यांना वाचायला कुणी शिकवलेच नव्हते.

संपादक महोदय, पुढच्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहाल, तेव्हा पालकांना एवढे जरूर सांगा. फी भरण्याआधी शिकवणाऱ्याचे स्वतःचे प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव विचारा. चालू वर्षाची पुस्तके वर्गात वापरतात का, ते पाहा. रुग्णाची ओळख काढून टाकलेले खरे चार्ट सोडवायला देतात का, हे विचारा. आणि नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती छापण्याआधी ती हमी लेखी आहे का, एवढे आपल्या जाहिरात विभागाने तपासावे, अशी विनंती.

आपली,
एक वाचक (ऑर्थोपेडिक कोडिंग ऑडिटर),
हडपसर, पुणे