फॅट कमी का लागली

कोल्हापूर
शुक्रवार, रात्री

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

राजीनाम्याचं मी या पत्रात विचारणार नाही. दादानं फोनवर अर्धं सांगितलं, उरलेलं मी उकरून काढलं, तेव्हा त्याच्यावर चिडू नकोस. मी फोन केला की तू "बरंय, नंतर बोलते" म्हणून ठेवतेस, म्हणून कागद घेतला. बाबा झोपलेत. पाऊस धरून आहे, पण पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीच्या बरंच खाली आहे. त्याची काळजी नको.

मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत "एवढ्या दिवसांत हे होणार नाही" म्हणालीस, ते मला आवडलं. बाबा तर दोनदा म्हणाले, "माझी पोरगी हाय ती." आणि पाणी पिऊन आल्यावर म्हणाले, "नोकरी टिकंल न्हवं?"

मॅडमनी तुझा टोन काढला म्हणे. टोन म्हणजे काय, ते दादानं समजावलं. आपलं बोलणं तसंच आहे गं. होस्टेलवर पहिल्या वर्षी तू "मी आलो" म्हणालीस, पोरी हसल्या आणि तू आठ दिवस कुणाशी बोलली नव्हतीस, आठवतंय? आपल्याकडं कृपया कोण म्हणतंय? आपण 'की' म्हणतो. बसा की, जेवा की, सांगा की. सगळी माया त्या 'की'त असते. ती तुमच्या ईमेलात उतरत नसणार.

टोनचं सोड. दादा पुढं जे बोलला त्यानं माझ्या पोटात गोळा आला. त्या कामात कुठंतरी चूक राहिलीय, ती तुला दिसलीय, आणि तू तीन आठवडे सांगत नाहीस. का, तर "त्यांनी येऊन विचारावं." जेवायलाही वेगळी बसतेस म्हणे. सोनू, हे तू माझ्याकडून घेतलंस.

वरच्या आळीच्या तात्यांचं तुला ठाऊक आहे, पण निम्मंच. २०१८ च्या श्रावणात ते डेअरीत माझ्या खिडकीवर नऊ लिटर दूध घेऊन आले, फॅट ५.४ लागली. आदल्या महिन्यात सातच्या पुढं असायची. म्हशीच्या दुधाला ६ च्या खाली गेलं की दर कसा कोसळतो ते तुला सांगायला नको, तुझी फी त्याच दहा-दहा दिवसांच्या बिलातून गेलीय. तात्या रांगेसमोर ओरडले, "वैनी, आमच्यातलं लोणी कुनाच्या घरात जातंय?" माझ्या हातात सॅम्पलची बाटली होती. मी रजिस्टरला आकडा लिहिला आणि म्हटलं, "पुढचं."

तो एक शब्द. त्यानंतर वर्षभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

तुला वाटतं मी सोसलं. मलाही तसंच वाटायचं. कितव्या वर्षापासून मी त्या खिडकीत बसते! सुरुवातीला मशीन कुठलं, बुटीरोमीटर होता, फॅट मोजायची काचेची नळी. १० मिली ॲसिड, वर पावणेअकरा मिली दूध, मग १ मिली अल्कोहोल, आणि ती नळी हातात धरवायची नाही इतकी तापायची. माझ्या मोरपंखी साडीच्या पदराला भोक पडलं ते ॲसिडचंच, तू त्यातून बोट घालून खेळायचीस. एवढं करून चोर ठरवलं, म्हणून मी तोंड मिटलं.

पण कारण मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. बाबांनाही नाही. तात्यांची नवी सून धार काढायला लागली होती. ती कोवळ्या मनाची, धार अर्धी झाली की रेडकू सोडायची. पहिल्या धारा पातळ असतात, फॅट असते ती शेवटच्या धारांत, आणि ती सगळी रेडकाच्या पोटात जायची. वासराला पाजू नको असं कोण म्हणेल? पण पान्हवायला आधी सोडायचं, नाहीतर एक सड राखून ठेवायचा. दोन वाक्यांचं काम होतं. मी मनात म्हणायचे, येऊ दे की, विचारू दे की मला. तात्या आले नाहीत. अकरा सभासद घेऊन दुसऱ्या संस्थेत गेले. तिथंही फॅट कमीच लागली असणार, आणि तिथंही कुणावर तरी ओरडले असतील. सुनेला घरात काय ऐकावं लागलं ते मला फार उशिरा कळलं.

मग २०१९ चा ऑगस्ट. पाणी आलं तेव्हा सगळ्यांची जनावरं हायवेच्या कडेला बांधली होती, आणि आपल्या दावणीच्या शेजारीच तात्यांची दावण. दोन दिवस आम्ही एकाच ताडपत्रीखाली पाठीला पाठ लावून. तिसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेनं मला चहा आणून दिला, आणि बघते तर पोरीनं परत धार मध्येच टाकून रेडकू सोडलं. माझ्या तोंडातून निघून गेलं, "अगं, शेवटची धार ठेव की." तात्या वळून बघत राहिले. सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तवाच सांगायचं की, वैनी."

मशीनचा आकडा खिडकीबाहेर तोंड करून लावलाय तो त्यानंतर. आधी तो फक्त मला दिसायचा. शेजारी पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय, फॅट कशानं उतरते: रेडकू, दूध न हलवता घेतलेला नमुना, चाऱ्यातला बदल. भांडणं थांबली असं समजू नकोस. परवाच एकजण मशीनच्या आई-बापापर्यंत गेला. पण आता लोक आकड्याशी भांडतात आणि दुसऱ्या दिवशी दूध घेऊन येतात.

बघ, लेक्चर झालं. सांगायचं नव्हतं. तुझी मॅडम तात्या नाही आणि तुझं ऑफिस म्हणजे डेअरी नाही, हे मला कळतं. तिथं काही वेडंवाकडं होत असेल, कुणी अंगाला येत असेल, तर त्यात बोलून मिटवायचं असं काही नसतं. दहा किंवा जास्त माणसं जिथं काम करतात तिथं तक्रारीसाठी समिती लागते, २०१३ चा कायदा आहे, आम्हाला बचत गटाच्या शिबिरात सांगितलंय. तसं असेल तर थेट सांग, मी सकाळच्या गाडीनं येते. पण नुसता टोनच असेल, तर ती चूक उद्या सांगून टाक. मग राहा, नाहीतर सोड. राजीनामा दिलास तरी मी काही म्हणणार नाही, घरात भाकरी कमी नाही. फक्त तो पाठवलास की नुसता लिहून ठेवलायस, एवढं कळलं असतं तर झोप लागली असती.

थोरल्या घराशी मी अजून बोलत नाही, त्याबद्दल तू मला विचारशील. विचार. आज्जीच्या वर्षश्राद्धाला मी त्यांच्या दारापर्यंत गेले होते, कडीला हात लावला आणि परत आले. सगळं जमलंय असं मी म्हणत नाही.

चटणी दादाबरोबर पाठवतेय, दोन डबे. एक तुझा. दुसरा कुणाला द्यायचा ते तुझं तू बघ.

संध्याकाळचं संकलन साडेसहाला सुरू होतं, मग मशीनच्या आणि कॅनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. त्याच्या आधी फोन कर.

तुझी,
आई